नवरा-बायकोचं रिटर्न एकत्र की वेगळं? आणि बायकोच्या नावावरच्या एफडीचं व्याज कोणाचं?

पारिजातक_मुलुंड

मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

रविवारी रात्री जेवणं आटोपल्यावर आम्ही दोघं टेबलावर लॅपटॉप घेऊन बसलो. दोघांचे फॉर्म १६ आले होते, म्हटलं या वर्षी शेवटच्या आठवड्यातली पळापळ नको. माझा पगार १२,६०,०००. ७५,००० ची स्टँडर्ड डिडक्शन गेली की ११,८५,०००, म्हणजे नव्या प्रणालीत (दर कमी, पण वजावटी मोजक्याच) कर शून्य. खूश होते. मग एआयएस, म्हणजे आयकर खात्याकडची आपल्या उत्पन्नाची नोंद, उघडलं आणि त्यात ओळ दिसली: मुदत ठेवीवरचं व्याज १,०५,०००, टीडीएस (बँकेने आधीच कापलेला कर) १०,५००.

ही एफडी नवऱ्याने केली आहे. त्याच्या नावावरची अंबरनाथची जुनी खोली गेल्या वर्षी विकली, त्यातले १५ लाख त्याने माझ्या नावावर ठेवले. हेतू चांगला होता, माझ्याही नावावर काही असावं म्हणून. त्याचा पगार २७ लाख आहे, तो ३० टक्क्यांत बसतो, मी शून्यात, तेव्हा करही वाचेल असं त्याच्या ऑफिसातल्या कोणीतरी सांगितलं होतं. आता ते व्याज धरलं तर मी १२ लाखांच्या वर जातेय!

दीर न्यू जर्सीत आहेत. ते म्हणाले, "वहिनी, एवढा गोंधळ कशाला? आम्ही दोघांचं मिळून एकच भरतो." तसं आपल्याकडे करता येतं का? आणि मुलुंडचा राहता फ्लॅट व त्याचं कर्ज दोघांच्या नावावर आहे, त्याचा काही उपयोग होतो का?

ठाणे_लोकल

एकत्र भरता येत नाही. लग्न झालं तरी पॅन वेगळा, रिटर्न वेगळं. एफडीबद्दल जाणकार सांगतील. वाचतोय.

दादरचा_लेखापाल

पारिजातकताई, बरं झालं आधी विचारलंत. ३५ वर्षं खाजगी कंपन्यांच्या लेखा विभागात काढली, आता निवृत्त आहे. त्या अनुभवावर सांगतो.

आपल्याकडे आयकराच्या दृष्टीने नवरा आणि बायको हे दोन स्वतंत्र करदाते आहेत. एकत्र विवरणपत्र हा पर्यायच कायद्यात नाही. मात्र एकाने दुसऱ्याला पैसे दिले, तर त्या पैशातून पुढे होणाऱ्या उत्पन्नाकडे कायदा बारीक लक्ष ठेवतो. याला क्लबिंग म्हणतात, १९६१ च्या कायद्यातलं कलम ६४.

नवऱ्याने बायकोला १५ लाख दिले, हे देणं करमुक्त आहे. जोडीदार हा नातेवाईक धरला जातो, रकमेला मर्यादा नाही. त्या दिवशी कोणालाच कर लागत नाही, आणि लोक इथेच फसतात. त्या १५ लाखांवर येणारं व्याज मात्र ज्याने पैसे दिले त्याच्या उत्पन्नात मिळवायचं असतं. ठेव तुमच्या नावावर, पॅन तुमचा, टीडीएस तुमच्या नावाने कापलेला, तरी १,०५,००० हे तुमच्या यजमानांचं उत्पन्न.

आता आकडे बघा, म्हणजे घाबरणार नाही. आर्थिक वर्ष २०२५-२६, नवी प्रणाली. हे व्याज तुम्ही चुकून स्वतःच्या रिटर्नमध्ये दाखवलंत तर करपात्र उत्पन्न १२,९०,०००. पहिले ४ लाख मोकळे, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,०००, त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्के म्हणजे ४०,०००, आणि वरच्या ९०,००० वर १५ टक्के म्हणजे १३,५००. एकूण ७३,५००, सेस (करावरचा ४ टक्के उपकर) धरून ७६,४४०. कलम ८७अ ची ६०,००० ची सूट १२ लाखांपर्यंतच मिळते. १२ लाखांच्या किंचित वर गेलेल्यांना थोडा दिलासा असतो, पण ९०,००० ने वर गेल्यावर तोही लागू होत नाही.

तेच व्याज यजमानांच्या उत्पन्नात धरलं तर १,०५,००० वर ३० टक्के म्हणजे ३१,५००, सेससकट ३२,७६०.

म्हणजे कायद्याप्रमाणे वागलात तर घरातले ४३,६८० रुपये वाचतात.

पारिजातक_मुलुंड

काका, हे मी तीनदा वाचलं. कर वाचावा म्हणून माझ्या नावावर ठेवलेल्या पैशानेच मला ७६ हजारांचा कर बसत होता! पण टीडीएस माझ्या पॅनवर कापलाय, त्याचं काय?

दादरचा_लेखापाल

त्याचीही सोय आहे. ज्याच्या हातात उत्पन्न करपात्र, त्यालाच टीडीएसचं श्रेय मिळतं, नियम ३७बीए. त्यासाठी बँकेला तुमच्या सहीचं पत्र द्यायचं: ही ठेव माझ्या पतीने दिलेल्या पैशातून आहे, उत्पन्न त्यांच्या हातात करपात्र आहे, त्यांचं नाव, पत्ता, पॅन अमुक, टीडीएस त्यांच्या नावाने दाखवावा. हे खरं तर वर्षाच्या सुरुवातीला द्यायचं. पुढच्या वर्षासाठी आत्ताच देऊन ठेवा, पोच घ्या.

या वर्षाचा टीडीएस तुमच्या पॅनवर पडला आहे, तर दोघांनीही आयटीआर-२ हा रिटर्नचा फॉर्म भरा. आयटीआर-१ मध्ये हे बसत नाही. यजमानांच्या फॉर्ममध्ये एसपीआय नावाचं परिशिष्ट असतं, तिथे तुमचं नाव, पॅन, नातं आणि १,०५,००० ही रक्कम. टीडीएसच्या परिशिष्टात 'दुसऱ्या व्यक्तीचा' हा पर्याय निवडून तुमचा पॅन टाकायचा. तुमच्या फॉर्ममध्ये तोच १०,५०० चा टीडीएस जोडीदाराच्या हाती दिल्याचं दाखवायचं. शिवाय एआयएसमध्ये त्या ओळीसमोर फीडबॅक द्यायची सोय आहे, 'ही माहिती दुसऱ्या पॅनची आहे' असा पर्याय येतो. तो निवडा, नाहीतर पुढे तफावतीची सूचना येईल.

आणि एक चांगली गोष्ट. या १,०५,००० वर कर यजमान भरतील, पण व्याजाची रक्कम तुमच्याच खात्यात आहे. ती तुम्ही पुन्हा गुंतवलीत, तर तिच्यावरचं उत्पन्न मात्र सर्वस्वी तुमचं. ७ टक्क्यांनी ७,३५० रुपये, ते क्लब होत नाहीत. म्हणून हे व्याज वेगळ्या खात्यात ठेवा. मुद्दल आणि व्याज एकाच एफडीत मिसळलं की १० वर्षांनी कोणाचं किती हे सांगता येत नाही.

कांजूर_भाडेकरू

आमच्याकडे सासूबाईंनी स्वतःच्या पेन्शनच्या पैशातून बायकोच्या नावाने ५ लाखांची ठेव केली आहे. नवऱ्याने दिलेले नाहीत, मग क्लबिंग नाही ना?

दादरचा_लेखापाल

सासूबाई म्हणजे तुमच्या आई, बरोबर ना? मग आहे. सुनेला दिलेल्या पैशावरचं उत्पन्न देणाऱ्या सासू-सासऱ्यांच्या उत्पन्नात जातं. त्याच सासूबाईंनी तुम्हाला, म्हणजे सज्ञान मुलाला, दिले असते तर क्लबिंग नव्हतं. मुलीला दिले तरी नसतं. बायकोला तिच्या स्वतःच्या आईवडिलांनी दिले तरी नाही, ते उत्पन्न तिचंच. नवऱ्याने किंवा सासू-सासऱ्यांनी दागिने दिले तर ते घरात आहेत तोवर उत्पन्नच नाही, पण विकल्यावरचा नफा देणाऱ्याकडे जातो.

सोनचाफा

या निमित्ताने एक सांगते, कारण आमच्या बँकेच्या शाखेत रोज बघते. बायकांच्या नावाने खाती असतात, ठेवी असतात, पण ठेव कधी मोडायची हे त्यांना विचारलंही जात नाही. सही करायला बोलावतात. एक काकू आल्या होत्या, पासबुक उघडून मला म्हणाल्या, "यातलं माझं कुठलं आणि त्यांचं कुठलं, जरा सांग ना." मला सांगता आलं नाही.

लग्नात मिळालेला आहेर तुमचा. स्वतःच्या लग्नात कोणीही दिलेली भेट करमुक्त असते, आणि नवऱ्याने किंवा सासू-सासऱ्यांनी दिलेलं सोडलं तर त्यावरचं उत्पन्नही तुमचंच. माहेरून आलेलं तुमचं. पगारातून साठवलेलं तुमचं. मुलींनो, लग्न झाल्यावर पहिल्या महिन्यात हे एका वहीत लिहून ठेवा. आयकरासाठी तर लागेलच, तुमच्यासाठीही लागेल.

पारिजातक_मुलुंड

सोनचाफा, तुमचा प्रतिसाद वाचून मी खरंच वही काढली. आहेराचे पैसे कुठल्या खात्यात भरले होते, ते शोधायला अर्धा तास लागला.

एडिसनवासी

मी मूळचा पार्ल्याचा, आता न्यू जर्सीत. तुमचे दीर सांगतात ते खरं आहे, पण ते इथल्या, अमेरिकेच्या कायद्याचं आहे. इथे ३१ डिसेंबरला तुम्ही विवाहित असाल तर त्या पूर्ण वर्षासाठी विवाहित. मग साधारणपणे दोन पर्याय: दोघांचं एकत्र, नाहीतर विवाहित म्हणून वेगवेगळं. बहुतेक जोडपी एकत्र भरतात, कारण एकाच्याच पगारावर घर चालत असेल तर खूप फरक पडतो. २०२५ साठी एकत्र भरणाऱ्यांची स्टँडर्ड डिडक्शन ३१,५०० डॉलर, वेगवेगळं भरणाऱ्यांना प्रत्येकी १५,७५०. बायको एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर आली तेव्हा तिला काम करता येत नव्हतं, एकत्र भरल्यामुळे तिच्या वाट्याची सूट आणि खालचे टप्पे माझ्या पगाराला लागले.

पण लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती मुंबईतच होती, अंधेरीला नोकरी करत होती. तेव्हा आम्ही हा विचार नीट केला, तो सांगतो, कारण मुंबईत अशी अनेक जोडपी असतील. जोडीदार भारतात राहत असेल तरी एकत्र भरता येतं, पण त्यासाठी तिला पूर्ण वर्ष अमेरिकेची करनिवासी मानायला दोघांनी लेखी संमती द्यायची असते. तिचा अमेरिकेतला करदाता क्रमांक नसेल तर डब्ल्यू-७ अर्ज करून आयटीआयएन घ्यावा लागतो. आणि ती संमती दिली की तिचं जगभरातलं उत्पन्न अमेरिकेच्या रिटर्नमध्ये येतं. अंधेरीचा पगार, एफडीचं व्याज, पीपीएफचं व्याजसुद्धा, जे भारतात करमुक्त आहे. भारतात भरलेल्या कराचं श्रेय मिळतं, पण पीपीएफवर भारतात करच नाही तर श्रेय कशाचं मिळणार? तिचे तीन म्युच्युअल फंडांत एसआयपी होते. भारतीय फंडांना इथे पीएफआयसी म्हणतात, प्रत्येक फंडासाठी ८६२१ नावाचा वेगळा फॉर्म आणि हिशोब डोकं फिरवणारा. त्यातून वर्षंही जुळत नाहीत, भारताचं एप्रिल ते मार्च, अमेरिकेचं जानेवारी ते डिसेंबर. शेवटी त्या वर्षी मी एकट्याने 'विवाहित, वेगळं' म्हणून भरलं. ती इथे आल्यावर एकत्र सुरू केलं.

अजून एक, एकत्र रिटर्नवर दोघांची सही असते आणि पूर्ण कराची जबाबदारी दोघांवर असते. एकाने काही लपवलं तर दुसराही अडकतो. सही करण्यापूर्वी दोघांनी पूर्ण वाचावं. माझी बायको प्रत्येक पान वाचते, आणि एकदा तिनेच माझी चूक पकडली होती.

ठाणे_लोकल

मग भारतात असा पर्याय का नको? माझंच उदाहरण. घरात मी एकटा कमावतो, दोन लहान मुलं, बायकोने नोकरी सोडली. समजा पगार २४,७५,०००. करपात्र २४ लाख, कर ३ लाख, सेस धरून ३,१२,०००. शेजारच्या घरात दोघं मिळून तेवढेच कमावतात, प्रत्येकी १२,३७,५००. त्यांचा कर शून्य. घरात येणारा पैसा सारखाच, आणि फरक ३ लाख १२ हजारांचा! माझी बायको दिवसभर मुलांचं करते, त्याची किंमत कुठेच धरली जात नाही.

सोनचाफा

ठाणे_लोकल, तुमच्या बायकोच्या कामाची किंमत नाही हे मला पूर्ण पटतं. पण दुसरी बाजूही बघा. उद्या मुलं मोठी झाली आणि तिने ६ लाखांची नोकरी धरली, तर आज तिला त्यावर एक रुपयाही कर नाही. एकत्र हिशोब असेल तर तिचा पहिलाच रुपया तुमच्या पगाराच्या वर चढतो. मग घरात कोणीतरी म्हणणारच, "एवढा कर जाणार असेल तर कशाला दगदग करतेस?" मी असं वाक्य नोकरीच्या बाबतीत, पाळणाघराच्या बाबतीत ऐकलंय. आयकराच्या बाबतीत ऐकायची माझी इच्छा नाही. शून्य करासाठी का होईना, बायकोच्या स्वतःच्या नावाने भरलेलं रिटर्न हा तिचा कागद असतो. कर्जासाठी, व्हिसासाठी, एकटं राहायची वेळ आली तर त्यासाठीही.

दादरचा_लेखापाल

दोघांचंही म्हणणं महत्त्वाचं आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पाआधी सनदी लेखापालांच्या संस्थेने, आयसीएआयने, असा पर्याय द्यावा असं सुचवलं होतं. त्या अर्थसंकल्पात तो आला नाही. आला तरी तो पर्यायच असावा, सक्ती नसावी, असं माझं मत.

माशेलची_लेक

दादरकाका, एक अपवाद राहिला! आम्ही गोव्याचे, २० वर्षं गिरगावात. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे, त्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. म्हणून आयकरात खास कलम ५अ आहे. त्या कायद्याखाली येणाऱ्या जोडप्याचं पगाराव्यतिरिक्तचं उत्पन्न, भाडं, व्याज, धंदा, हे सगळं निम्मं-निम्मं वाटून दोघांच्या रिटर्नमध्ये दाखवायचं. पगार मात्र ज्याचा त्याचा. रिटर्न तरीही दोन, एकत्र नाही.

आम्ही पहिली काही वर्षं नवऱ्याच्या म्हापशाच्या दुकानाचं पूर्ण भाडं त्याच्याच रिटर्नमध्ये दाखवलं होतं. इथल्या एका सीएला हे कलम माहीतच नव्हतं. गोव्यातल्या चुलत दिरांनी लक्षात आणून दिलं.

दादरचा_लेखापाल

अगदी बरोबर, धन्यवाद. लिहिताना माझ्या डोक्यातून निसटलं.

पारिजातकताई, फ्लॅटचं राहिलं होतं. राहत्या घराच्या कर्जावरचं व्याज नव्या प्रणालीत वजा होत नाही. तुम्ही नवीच घ्या, तुमचा कर शून्य आहे, दुसरं बघायचं कारण नाही. प्रणाली ज्याची त्याने निवडायची, एकाने नवी आणि दुसऱ्याने जुनी चालते. म्हणून यजमानांचं स्वतंत्र तपासलं. एफडीचं व्याज बाजूला ठेवून, सेसच्या आधीचे आकडे देतो. जुन्या प्रणालीत ५०,००० स्टँडर्ड, ८०सी चे (पीपीएफ, विमा अशा बचतीचे) दीड लाख, घराच्या व्याजाचे २ लाख, मेडिक्लेमचे २५,००० धरले, एकूण सव्वाचार लाख. कर ४,९५,०००. नव्या प्रणालीत ३,६७,५००. जुनी बरोबरीला यायला सगळ्या वजावटी मिळून साडेआठ लाख हव्यात. भाड्याच्या घरात राहून मोठा एचआरए (घरभाडे भत्ता) घेणाऱ्याचं तसं होऊ शकतं, मुंबईत मूळ पगाराच्या ५० टक्क्यांपर्यंत धरता येतो. तुमचं तसं नाही.

जुन्या प्रणालीत असणाऱ्यांसाठी: सहमालक आणि सहकर्जदार दोघंही असतील तर राहत्या घराच्या व्याजाचे २ लाख प्रत्येकाला मिळतात. पण हप्ता खरोखर दोघांच्या खात्यातून जायला हवा. नुसतं करारावर नाव असून भागत नाही.

कांजूर_भाडेकरू

आम्ही दोघंही जुन्या प्रणालीत आहोत. घरभाडं ४८,०००. दोघांनाही एचआरए मिळतो. दोघांनी घेता येईल?

दादरचा_लेखापाल

ज्याने जेवढं भरलं तेवढ्यावर. करारात दोघांची नावं हवीत, दोघांच्या खात्यातून पैसे गेलेले दिसायला हवेत. पूर्ण ४८,००० दोघांनी दाखवायचे नाहीत. आणि जुनी प्रणाली हवी तर मुदतीत भरा, उशिरा भरलेल्या रिटर्नला ती मिळत नाही.

लालबाग_मसाला

माझं मसाल्याचं दुकान आहे, बायको पूर्ण हिशोब बघते. तिला महिना ३०,००० पगार देतो. तोही क्लब होतो का? सीए म्हणतो नाही, मेहुणा म्हणतो हो.

दादरचा_लेखापाल

तुमच्या स्वतःच्या धंद्यातून बायकोला पगार दिला तर तो तुमच्याच उत्पन्नात धरतात, पण तिच्याकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल आणि पगार त्या कामाचाच असेल तर तो तिचा राहतो. वहिनींचं शिक्षण काय?

लालबाग_मसाला

बी.कॉम. लग्नाआधी ६ वर्षं एका कंपनीत अकाउंट्सला होती. जीएसटीचं सगळं तीच करते. सकाळी ७ ला हळकुंडाची गोणी उतरवून घेण्यापासून ते रात्री रोजमेळ बंद करेपर्यंत.

दादरचा_लेखापाल

मग तुमची बाजू भक्कम आहे. पगार बँकेतून द्या, नेमणुकीचं पत्र करा, तिच्या जुन्या नोकरीचे कागद जपून ठेवा. तिचं रिटर्न दरवर्षी भरा.

पारिजातक_मुलुंड

सगळ्यांसाठी शेवटची खबर. शनिवारी आम्ही दोघं बँकेत गेलो. काउंटरवर आधी म्हणाले असा काही अर्ज नसतो. मी काकांनी सांगितलेल्या मजकुराचं पत्र दोन प्रतींत नेलं होतं. नियमाचा क्रमांक दाखवल्यावर आतल्या मॅडमनी बघितलं, एक प्रत ठेवून घेतली आणि दुसरीवर शिक्का मारून दिला. ऑनलाइन माझ्याच नावाने एक वेगळं खातं उघडलंय, १,०५,००० त्यात वळवले. नवरा म्हणाला, पुढच्या वेळी माझ्या नावावर काही करायचं तर आधी मला विचारेल. मी त्याला म्हटलं, मुद्दल मोडायचं असेल तेव्हाही आपण दोघांनी बसून ठरवू.

दोघांची रिटर्न्स रविवारी भरली. दोन्ही आयटीआर-२. त्याने ३२,७६० मधून १०,५०० वजा जाता उरलेला कर व्याजासकट भरला. माझा शून्य.

दादरचा_लेखापाल

छान झालं. ई-व्हेरिफाय दोघांनीही केलंत ना? ३० दिवसांची मुदत असते, आणि एकाचं केलं म्हणून दुसऱ्याचं होत नाही.

पारिजातक_मुलुंड

त्याचं झालं होतं काका, माझंच राहिलं होतं. आत्ता ओटीपी टाकला.